दोन दोरांचा धोंडा

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची म्हणाल, तर कावळा आधी पांढरा होता असं सांगणाऱ्यांचे पणजोबासुद्धा तेव्हा जन्मले नव्हते. तेव्हा एका डोंगरातून एक नदी वाहायची आणि त्या नदीवर दोन गावं होती. वरच्या गावात लाकूडतोडे राहत, खालच्या गावात कोळी.

त्यांचे देव वेगळे, बोली वेगळी. भाकरीसुद्धा वेगळी; वरच्यांची नाचणीची, खालच्यांची तांदळाची. एकमेकांची बोली दोघांनाही भांडण्यापुरती येत होती. त्याहून जास्त शिकायची गरज कुणाला वाटली नव्हती. हसताय कशाला? आपल्या शेजाऱ्याच्या घरी काल काय शिजलं, ते तरी आपल्याला कुठं ठाऊक असतं? करपलं तर तेवढं कळतं.

वरच्या गावात ठमाजी नावाचा गडी होता. सागाचे ओंडके उतारावरून ओढताना गाणं सांगायचा मान त्याचा. तो ओळ टाकायचा, बाकीचे झेलायचे. त्याचा आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. खोड एकच होती. दुसऱ्याचं गाणं त्यानं जन्मात शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. समोरच्यानं दुसरी ओळ धरली की हा आपलं सुरू करायचा. त्याची बायको म्हणायची, "मी मरताना काही सांगू लागले, तर तेसुद्धा हे अर्ध्यावरच ऐकणार."

एका वर्षी पाऊस सरता सरता डोंगराचा कडा कोसळला. हत्तीएवढा एक धोंडा गडगडत आला आणि नदीच्या खिंडीत बुचासारखा बसला. झालं. वरच्या गावात पाणी चढू लागलं, खालच्या गावात नदी आटू लागली. खाली डबक्यांत मासे तडफडायला लागले, वर कोंबड्या छपरावर चढल्या.

ठमाजीचं घर वरच्या गावात सगळ्यांत खाली. घरामागं पेव होतं, म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार. त्यात सगळ्या गावाचं पुढच्या वर्षीचं बियाणं. गावानं ते ठमाजीच्या भरवशावर ठेवलेलं. सकाळी पाणी त्याच्या गोठ्याला लागलं होतं. दिवस मावळेपर्यंत ते पेवात शिरणार होतं, आणि एवढं बियाणं तेवढ्या वेळात उपसून वर नेणं कुणाच्या बापाला जमणार नव्हतं. बियाणं कुजलं की गावाला डोंगर सोडावा लागणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

दोन्ही गावं खिंडीशी आली. धोंडा बाजूच्या खडकावर ओढून घ्यायचा असं ठरलं. ठरलं तेवढ्यावरच थांबलं, कारण दोर कुणाचा यावरून वाद पेटला. शेवटी दोन दोर बांधले. अंबाडीचा वरच्यांचा, काथ्याचा खालच्यांचा. एकाच धोंड्याला, एकाच बाजूला, शेजारी शेजारी. पण एकानं दुसऱ्याच्या दोराला बोट लावायचं नाही. शहाण्या माणसांची गोष्ट आहे ही, नीट ऐका.

ठमाजीनं ओळ टाकली.

"हय् रं सागा, हाल रं सागा, डोंगर सोड, चाल रं सागा."

'हय्' म्हटलं की वरचे झटका द्यायचे आणि पुढच्या शब्दांना दम घ्यायचे. अडकलेला ओंडका असाच सुटतो.

तिकडं मथी नावाची कोळीण गाणं सांगत होती. दात गेलेले, पण आवाज असा गोड की डोंगरातले राघूही चिडीचूप. गाणं तिचं सावकाश.

"हळू गं हळू, भरलंय जाळं, नदीचं देणं, हळू गं हळू... वढ."

आधी सगळं गोळा करायचं आणि शेवटच्या 'वढ'ला ओढायचं. भरलेलं जाळं घाईनं ओढलं तर फाटतं.

दुपारपर्यंत दोघांनी घाम गाळला. धोंडा काही हलला नाही. वरच्यांनी झटका दिला की खालचे हळू गं हळू. खालच्यांनी ओढलं की वरचे दम खात उभे. मग जे व्हायचं तेच झालं. वरचे म्हणाले, हे लोक नुसतं गातात, ओढत नाहीत. खालचे म्हणाले, हे लोक नुसतं ओरडतात, ओढत नाहीत.

ठमाजीच्या डोळ्यांपुढं पेव होतं. त्यानं ठरवलं, यांची लबाडी हातोहात पकडायची. तोंडाला फडकं गुंडाळून तो गुपचूप कोळ्यांच्या दोराला जाऊन लागला. फडक्याच्या दोन्ही बाजूंनी मिशा बाहेर आल्या होत्या, पण त्याच्या मते तो ओळखू येत नव्हता.

मथीनं गाणं उचललं. ठमाजीनं दोर सैल धरला आणि कोण हात चोरतो ते बघू लागला. हळू गं हळू झालं, जाळं झालं, नदी झाली. याला वाटलं, संपलं गाणं. इतकं ऐकणंही त्याच्यासाठी पुष्कळ होतं. तेवढ्यात 'वढ' आलं. वीस जणांनी एकदम असं ओढलं की दोर त्याच्या मुठीतून सरसरत गेला आणि तळहाताची साल निघाली.

मथी त्याच्याजवळ आली.

"चोर सापडला का रे, मिशीवाल्या?"

ठमाजीनं तोंडावरचं फडकं सोडलं. मग हळूच म्हणाला, "सापडला, मावशे. आमच्याच दोराला होता, तुम्ही ओढता तेव्हा दम खात उभा. गाणं परत म्हणतेस का? पुरतं म्हण."

मथीनं त्याच्या हाताला माशाचं तेल लावलं आणि लावता लावता गाणं म्हटलं. ठमाजीनं डोळे मिटून ऐकलं. मग दुसऱ्यांदा मागितलं. ओल्या जाळ्याचं वजन, माशांची धडपड, नदीपुढं वाकलेली पाठ, सगळं त्या गाण्यात होतं. त्याच्या गाण्यात डोंगर होता, तशी हिच्या गाण्यात नदी होती. एवढी जुनी नदी आपल्या दारावरून जाते आणि तिला गाणं आहे हे आपल्याला ठाऊक नाही, याची त्याला लाज वाटली.

तो आपल्या माणसांत परतला. म्हणाला, "आधी त्यांचं गाणं होऊ द्या. त्यांचा शेवटचा शब्द तोच आपला पहिला."

एक म्हातारा फणकारला. "त्यांनी सुरू करायचं आणि आपण गप्प बसायचं? आपला मान काय राहिला?"

"मान पेवात ठेवलाय," ठमाजी म्हणाला. "चल, भिजायच्या आत काढू."

मथी गाऊ लागली. ठमाजी गप्प उभा राहिला. ओळ ओठांवर येत होती, मिशा थरथरत होत्या. त्याच्या बायकोनं नंतर सांगितलं की लग्नापासून इतका वेळ गप्प तिनं त्याला झोपेतही पाहिलं नव्हतं. हळू गं हळू संपलं, आणि तिकडं 'वढ' अन् इकडं 'हय्' एकाच दमात निघालं.

धोंडा हलला. टिचभरच, पण हलला. मग कुणालाच सांगावं लागलं नाही. सातव्या खेपेला तो खडकावर चढला आणि नदी खिंडीतून अशी सुटली, जशी शाळा सुटते. पाणी ठमाजीच्या पेवाच्या तोंडाशी येऊन टेकलं होतं, ते तिथूनच माघारी फिरलं. खाली डबक्यांतले मासे नदीला मिळाले.

त्या संध्याकाळी नाचणीची भाकरी आणि माशाचं कालवण एका पंगतीला वाढलं गेलं. पुढं वरच्या गावातल्या पोरी धान्य पाखडताना जाळ्याचं गाणं म्हणू लागल्या आणि कोळ्यांची पोरं होड्या ढकलताना सागाचं. भांडणं तरीही व्हायची, माणसंच होती ती. पण भांडणाऱ्या दोघांना धोंड्यावर बसवून एकमेकांचं गाणं पुरतं म्हणायला लावायचे. बरीचशी भांडणं 'वढ' यायच्या आतच संपायची.

ठमाजीनं मग बायकोचं बोलणंही शेवटपर्यंत ऐकायला सुरुवात केली. तिची बरीच वर्षांची बाकी होती. बिचाऱ्याला दम घ्यायला जागा मिळेना.

बोध: दुसऱ्याचं गाणं शेवटपर्यंत ऐकावं, आपल्या गाण्याची जागा तिथंच सापडते.