चूल, बंद आणि मिशी

फार जुनी गोष्ट आहे. नदीच्या वळणावर वसलेल्या एका गावात एक चितारी राहत होता. देवळाच्या भिंती रंगवायच्या, दुकानांवर नावं लिहायची, पाळण्यांवर राघू काढायचे, हा त्याचा धंदा. तरुणपणी तो दूरच्या पाठशाळेत व्याकरण शिकून आला होता. त्या शिक्षणाचा परिणाम असा झाला, की अक्षर लिहिताना त्याचा हात अडखळू लागला. ह्रस्व की दीर्घ, 'निमंत्रण' बरं की 'आमंत्रण', 'पौर्णिमेस' की 'पौर्णिमेला', अशा शंका त्याला येत, आणि आलेली प्रत्येक शंका तो समोरच्याला बोलून दाखवी. गावाने त्याचं नाव शंकाशास्त्री ठेवलं होतं. त्याला स्वतःलाही ते नाव योग्यच वाटे.

तो राहायचा तांबट आळीत. जातीने तांबट नव्हता, घरात दुसरं माणूसही नव्हतं. आपल्यापुरती भाकरी थापायची, भिंतीकडे बघत खायची, की दिवस संपला. वर्षातून एक दिवस मात्र तो चारचौघांत जेवत असे. तो दिवस चूलबंद पंगतीचा.

एरवी जेवणाचं बोलावणं घरटी एकाला असतं. चूलबंद बोलावणं म्हणजे घरातल्या सगळ्यांना, तान्ह्या बाळापासून दात नसलेल्या आजोबांपर्यंत. त्या दिवशी घरी चूल पेटवायचीच नाही. संध्याकाळी नदीच्या घाटावर आळीचा सामाईक हंडा चढे. तो हंडा पूर्वजांनी घराघरातून तांब्याचा तुकडा गोळा करून घडवला होता. कुणाचं तांबं कुठे मिसळलं हे कुणालाच सांगता येत नसे. आणि नियम असा, की आळीत एकाही घरावर धूर दिसला तर पंगत वाढायची नाही. आधी त्या घरी जायचं, काय बिनसलं ते विचारायचं, माणसांना घेऊन यायचं.

पंगतीच्या सकाळी आळीतली म्हातारी ठकूआजी अक्षता घेऊन दारोदार फिरायची. "चूलबंद हो, पोराबाळांसकट," एवढंच म्हणायची. चिताऱ्याच्या दारातही थांबायची. पहिल्या वर्षी तो संकोचून म्हणाला होता, की मी तर एकटा, माझं कसलं चूलबंद. त्यावर आजी म्हणाली होती, "एकट्याची असली तरी चूल ती चूलच." चिताऱ्याने बरेच ग्रंथ वाचले होते, पण त्यांतलं एकही वाक्य त्याला इतकं पाठ नव्हतं.

पुढे ठकूआजी गेली आणि आळीत भांडण लागलं. कारण क्षुल्लक होतं. पंगतीत हंड्याच्या जवळचा मान चढावरच्या घरांचा की उतारावरच्या, यावरून बोलाचाली झाली. त्यातून अबोला झाला आणि पंगत थांबली. दोन-तीन वर्षं हंडा उपडा पडून राहिला. आळीचे पंच एकच होते. शेवटी त्यांनी दोन्ही बाजूंच्या एकेका कारभाऱ्याला समोर बसवून निकाल दिला: यंदा शेवटचा प्रयत्न करायचा. पंगत बसली तर बसली. नाही तर हंडा फोडायचा आणि तांबं घरटी वाटून टाकायचं.

आता बोलावणं कुणी करायचं, हा प्रश्न आला. वरच्या बाजूचं माणूस अक्षता घेऊन गेलं तर खालचे दार उघडणार नाहीत, आणि खालचं गेलं तर वरचे. तेव्हा पंचांनी तोड काढली. मोठा कापडी फलक रंगवून आळीच्या तोंडाशी लावायचा. फलक काही कुणाच्या बाजूचा नसतो.

काम चिताऱ्याकडे आलं. हंडा राहतो की फुटतो, म्हणजे आपलं वर्षातलं ते एक जेवण राहतं की जातं, ते आपल्या हातात आलं आहे, हे त्याला लगेच कळलं. त्या विचाराने त्याला नीट झोप लागेना. त्याने मोठ्या कापडावर खडूने आखणी केली. वर 'तांबट आळीची पंगत', खाली 'आज दिवेलागणीला, नदीच्या घाटावर', आणि मधोमध हातभर उंचीच्या अक्षरांत एकच शब्द: चूलबंद.

पंच पाहायला आले. सोबत दोन्ही कारभारी होते. वरच्या कारभाऱ्यांना त्यांचं नाव फलकावर हवं होतं. खालच्यांना त्यांच्या नावाच्या वर कुणाचंही नाव नको होतं. चिताऱ्याने नावं शेजारी-शेजारी धरली, तर डावं मोठं की उजवं मोठं यावर वाद सुरू झाला. शेवटी पंच मिशीला पीळ देत म्हणाले, की नावं दोन्ही कडांना लिहा आणि मधोमध माझं चित्र काढा, म्हणजे कुणी कुणाला लागून राहणार नाही. त्यांची मिशी गावात प्रसिद्ध होती. चित्र निघणार म्हटल्यावर ती थोडी अधिकच ताठ झाली.

"पण मधोमध तर तो शब्द आहे," चितारी म्हणाला.

"मग त्याला जरा सरकवा. दोन अक्षरं इकडे, दोन अक्षरं तिकडे. बघा, तराजूत तोलल्यासारखं होतंय."

खरंच तसं होत होतं. वरच्यांच्या नावाशेजारी 'चूल', खालच्यांच्या नावाशेजारी 'बंद', मध्ये पगडी, चेहरा आणि मिशी. कारभाऱ्यांनी अक्षरं मोजली. दोघांना सारखीच आली. पहिल्यांदाच दोघे एकाच गोष्टीला हो म्हणाले.

चिताऱ्याच्या मनात मात्र काहीतरी टोचलं. जोडून लिहिलेला शब्द आणि तोडून लिहिलेला शब्द एक नसतो, हे तो पाठशाळेतच शिकला होता. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात त्याला आठवलं, की सकाळपासून त्याने तीन शंका काढल्या होत्या: 'पंगत'मधल्या अनुस्वाराची, 'दिवेलागणी' या शब्दाची आणि पगडीच्या रंगाची. तिन्ही फुकट गेल्या होत्या.

पंचांनी त्याचा चेहरा पाहिला. "बोला, शास्त्रीबुवा. अजून एखादी राहिली असेल तर तीही येऊ द्या."

कारभारी हसले. चिताऱ्याला वाटलं, ही चौथीही तसलीच असणार. इतकी शहाणी माणसं समोर उभी आहेत, त्यांना नीट वाचता येतंय, तर आपणच काय मोठे लागून गेलो. "काही नाही," तो म्हणाला, आणि रंग कालवायला बसला.

त्या शहाण्या माणसांना नीट वाचता येत होतं, कारण फलकावर काय लिहायचं ते त्यांना आधीपासून माहीत होतं. हे चिताऱ्याच्या ध्यानात आलं नाही.

पंगतीच्या दिवशी सकाळी फलक आळीच्या तोंडाशी दोन खांबांना बांधला गेला. पंच, कारभारी आणि चितारी भल्या पहाटेच घाटावर गेले होते. हंड्याला नवी कल्हई केली होती. परगावचे आचारी डाळ-वांग्याला फोडणी देत होते. चितारी लाकडं सारायला मदत करत होता. फलक बरा झालाय, असं त्याला दोघातिघांनी सांगितलं होतं. त्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे ठरवण्यात त्याची दुपार गेली.

दिवेलागण झाली. पत्रावळी मांडून झाल्या. घाटाच्या पायऱ्यांवरून कुणीच उतरेना.

पंचांनी आळीकडे मान वळवली. उतारावरच्या कौलांवर धुराच्या रेघा उभ्या होत्या. एक नाही, दोन नाही. रांगेने सगळ्या घरांवर.

"बघा," वरचे कारभारी म्हणाले, "तुमच्या लोकांनी मुद्दाम चुली पेटवल्या. हा अपमान आहे."

खालच्या कारभाऱ्यांनी चढाकडे बोट दाखवलं. तिथेही धूर होता. म्हणजे आम्ही तोंडावर पडावं म्हणून तुम्हीच आधी ठरवून ठेवलं होतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. आवाज चढू लागले. तांबटांना घण शोधायला लांब जावं लागत नाही. कुणीतरी तो हंड्याशेजारी आणूनही ठेवला. आचारी ओगराळं बाजूला ठेवून, आपली मजुरी कुठल्या बाजूकडून मागायची याचा विचार करू लागले.

चितारी कुणाकडे न बघता घरं न्याहाळत होता. चढावर सगळ्यात उंच घर पंचांचं. त्यावरही धूर होता. आळीभर एकच घर बिनधुराचं होतं, ते त्याचं स्वतःचं.

पंचांच्याच घरची चूल रागाने पेटेल, हे त्याला पटेना. तो पायऱ्या चढून आळीत आला. पंचांची बायको दारात बसून लसूण सोलत होती. आत तव्यावर भाकरी होती.

"वहिनी, आज चूल कशी पेटवली?"

"काय करणार मग? उपाशी राहायचं?" ती म्हणाली. "सकाळी मेली खालच्या अंगाची पाणी भरणारी सांगत आली, की फलकावर लिहिलंय म्हणे, 'तांबट आळीची पंगत, चूल बंद, आज दिवेलागणीला, नदीच्या घाटावर'. म्हटलं, झालं. पुन्हा भांडले. घाटावरची पंगतीची चूल बंद पडली. आणि चूल बंद सांगायला मध्ये यांचंच तोंड काढलंय, म्हणजे खोटं कशाला असेल?"

"अहो, चूल बंद नाही. चूलबंद."

तिने लसूण खाली ठेवला. "मग तसं लिहायचं ना, शास्त्रीबुवा. मध्ये एवढा माणूस उभा केला, तर दोन शब्द एकमेकांना भेटणार कसे?"

चितारी परत फिरला. वाटेत त्याच्या मनात एक विचार आला. विचार सोपा होता. ही गोष्ट अजून फक्त त्याला आणि वहिनींना ठाऊक होती. घाटावर दोन्ही बाजू एकमेकींना दोष देत होत्या. त्याला कुणीच विचारत नव्हतं. गप्प राहिलं तर हंडा फुटेल, पण तो भांडणाने फुटेल, अक्षराने नाही. त्याचं नाव मध्ये येणार नाही. शंकाशास्त्री या नावात निदान थट्टा होती. आळीचा हंडा फोडणारा, या नावात तीही उरली नसती.

मग त्याला ठकूआजीचं ते एकट्याच्या चुलीचं वाक्य आठवलं.

घाटावर घण उचलला गेला होता. चिताऱ्याने हंड्याच्या काठावर हात ठेवला. हंडा तापलेला होता. त्याने हात झटकन काढला, पण तो जागचा हलला नाही.

"चुली रागाने पेटलेल्या नाहीत," तो म्हणाला. "माझ्या फलकाने पेटल्यात. मी चूलबंद तोडून लिहिलं. लोकांनी चूल बंद वाचलं. त्या दिवशी मला हे सुचलं होतं, आणि मी बोललो नाही."

"मग बोलला का नाहीत?" पंच ओरडले. "एरवी तर अनुस्वारावर तासभर बोलता."

"म्हणूनच. मला वाटलं, हीही तसलीच असेल."

खालचे कारभारी म्हणाले, "तरीच. वरच्यांना चूल आणि आम्हांला बंद. त्या दिवशीच मला वाटणीत काहीतरी कमी वाटलं होतं." वरच्या कारभाऱ्यांना हसू आवरलं नाही. घण हळूच खाली ठेवला गेला.

आता लोकांना बोलवायचं कसं, हा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन थांबला. दारोदार कुणाला पाठवायचं? आणि एकेका घरी समजावत फिरायला वेळही उरला नव्हता. चिताऱ्याने काळ्या रंगाची वाटी आणि जाड कुंचला मागवून घेतला.

"शब्द जोडता येईल," तो पंचांना म्हणाला. "अक्षरांवरची आडवी रेघ 'चूल'पासून 'बंद'पर्यंत ओढली तर तो एकच शब्द होईल. पण रेघ तुमच्या चेहऱ्यावरून जाईल."

"कुठून?"

"बरोबर मिशीवरून."

पंचांचा हात आपोआप मिशीकडे गेला. त्यांनी एकवार हंड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ओढा. फक्त सरळ ओढा. वाकडी नको."

चितारी आळीच्या तोंडाशी जाऊन शिडीवर चढला. जन्मात पहिल्यांदा त्याचा हात अक्षरापाशी अडखळला नाही. 'ल'च्या डोक्यावरून निघालेली रेघ पंचांच्या मिशीत शिरली, पलीकडून बाहेर पडली आणि 'ब'ला जाऊन भिडली. पंचांची मिशी आता आळीच्या एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत गेली होती.

भर आळीत शंकाशास्त्री पंचांच्या तोंडावर काळं ओढतोय, ही बातमी कुठल्याही अक्षतांपेक्षा लवकर पोचली. बायका पिठाच्या हातांनी बाहेर आल्या. चढावरून लोक उतरले, उतारावरून चढले, आणि दोन-तीन वर्षांनंतर सगळी आळी एका जागी उभी राहून एकाच गोष्टीला हसू लागली. चिताऱ्याने कुंचला खाली केला. "आता वाचा," तो म्हणाला.

वाचता येणाऱ्यांनी मोठ्याने वाचलं. "चूलबंद." न येणाऱ्यांनी ते ऐकलं.

मग घरोघरी चुलींवर पाणी पडलं. भाजलेल्या भाकऱ्या टाकवत नव्हत्या, त्या फडक्यात बांधून सोबत घेतल्या गेल्या. शेवटचा धूर विरला तेव्हा पंगत बसली. हंड्याजवळ कोण बसलं, हे अंधारात नीट कळलं नाही, आणि कुणी दिवा जवळ आणून पाहिलंही नाही. त्या वर्षी पंगतीत भात उरला आणि भाकऱ्या संपल्या. चिताऱ्याच्या पानात सात घरच्या भाकऱ्या आल्या होत्या. कुठली कुणाची, अशी शंका त्याने काढली नाही.

तो फलक पुढे बरीच वर्षं लावत असत. नवा रंगवू या, असं चिताऱ्याने एकदा सुचवलं, पण पंच नको म्हणाले. पाहुणा कुणी विचारे, की पंच, या चित्रात तुमची मिशी एवढी लांब कशी? तेव्हा पंच सांगत, "या शब्दात मी आडवा आलो होतो. मिशी कामाला आली."

आणि चितारी? शंका त्याला नंतरही येतच राहिल्या. तो त्या बोलून दाखवत राहिला, आणि गाव हसत राहिलं. फरक इतकाच, की हसून झालं की आता कुणीतरी म्हणे, "थांबा, एकदा पुन्हा वाचून बघू."

तात्पर्य इतकंच: बोलावणं लिहावं ते येणाऱ्याच्या डोळ्यांनी वाचून, बोलावणाऱ्याच्या नव्हे. आणि नव्याण्णव शंका फुकट गेल्या, म्हणून शंभरावी गिळू नये.