‘नको’ न शिकलेला पोपट

झाडांवर तयार ढोल्या मिळू लागल्या, त्या काळातली ही गोष्ट. अंडी घालायची वेळ जवळ आली म्हणून धनेश पक्ष्याच्या बायकोने, धनेशीणबाईने, सुतारपक्ष्याला पंधरा दिवस उंबरं पुरवली आणि एक नवी कोरी ढोली घेतली.

आत शिरते तर काय, कोपऱ्यात एक पोपट बसलेला! “नमस्कार बाई! आज कुठली फळं पिकलीत सांगू? शेजारच्यांचं भांडण ऐकवू?”

“नको.”

“बरं, थोड्या वेळाने विचारतो.” आणि त्याने खरंच विचारलं. दुपारपर्यंत अकरा वेळा.

धनेशीण तणतणत सुतारपक्ष्याकडे गेली. “माझ्या ढोलीत हा कशाला?”

“तो ढोलीबरोबरच येतो, बाई. सोयीसाठी.”

“कोणाच्या सोयीसाठी? नको म्हटलेलं त्याला कळत नाही!”

“त्याला ‘नको’ शिकवलेलंच नाही. फक्त ‘आत्ता नको’ कळतं.”

“म्हणजे घर माझं, अंडी माझी, आणि माझ्याच घरात मला नाही म्हणायची सोय नाही?”

ती परतली आणि तिने पोपटाला शेपटीला धरून बाहेर काढलं. मग धनेशांच्या रीतीप्रमाणे आत बसून तिने ढोलीचं तोंड लिंपायला घेतलं. नवरा बाहेरून चिखल देत होता. शेवटी घास घेण्यापुरती फट उरली.

पोपट लगेच फटीशी आला. “बाई, दार उघडायची आठवण आत्ता करून देऊ की नंतर?”

आतून चिखलाचा गोळा आला आणि त्याच्या उघड्या चोचीत गच्च बसला.

“याला ‘नको’ म्हणतात,” धनेशीण म्हणाली. “शीक आता!”