सगळ्या खोऱ्याची गाडी

फार जुन्या काळची ही गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा जनावरांना नीट विचारलं तर ती उत्तर देत असत. नीट विचारणारी माणसं मात्र तेव्हाही थोडीच होती.

डोंगरांच्या मधोमध एक लांबट खोरं होतं. तळाला नदी, नदीकाठी मोठं गाव आणि तिथून वर चढत गेलेल्या वाड्या. सगळ्यांत वरची धनगरवाडी. या अख्ख्या खोऱ्यात सुईण एकच होती. तिचं नाव भागाक्का.

भागाक्का बाई मोठ्या धीराची. निरोप आला की हातातला घास ताटात ठेवून उठायची. ऊन बघायची नाही, पाऊस बघायची नाही, घर पाटलाचं की मजुराचं तेही बघायची नाही. उंबऱ्यातून तिनं "आले गं बाई" असं म्हटलं की आतल्या बाईचं अर्धं दुखणं कमी होई, असं लोक सांगत. मला ते खोटं वाटत नाही.

तिच्याजवळ एक बैलगाडी होती. ती तिच्या सासूपासून चालत आलेली. सासूही सुईणच होती. आणि या गाडीची एक रीत होती. ज्या घरी सुईणीच्या हातून लेकरू जन्माला येई, ते घर बारशाच्या दिवशी गाडीसाठी एक लाकूड देई. कुणी फळी देई, कुणी चाकाचा आरा, कुणी बाजूचा दांडा. गावचे सुतारमामा ते गाडीत बसवत. पोर चालू लागलं की आई त्याला गाडीपाशी आणी आणि बोट दाखवून सांगे, "हे बघ, हे तुझं लाकूड." अशी सुंदर रीत कुणी घातली देव जाणे, पण घातली त्याला दोन्ही हात जोडावेत.

पण माणसाचं काय आहे, चांगल्या गोष्टीलाही तो शेपूट लावतो. पोराच्या नावानं बसवलेलं लाकूड काढलं तर पोराला बाधतं, असं हळूहळू सगळे म्हणू लागले. पहिल्यांदा कोण म्हणालं ते कुणालाच सांगता येईना, आणि म्हणूनच ते सगळ्यांना खरं वाटलं.

झालं! फळी कुजली तर ती न काढता तिच्यावर दुसरी फळी ठोकायची. आस तडकली तर तिला खालून दुसरी आस बांधायची. पाटलांनी तर तिन्ही मुलांच्या वेळी सागाची जाडजूड फळी दिली, कारण पाटलांची फळी आंब्याची कशी असणार? कुणी लाकडावर पोपट कोरून दिले, कुणी पितळी फुल्या मारून दिल्या. गाडी दिसायला अशी देखणी झाली, की परगावचे पाहुणे ती बघायला थांबत.

फक्त ती चालेनाशी झाली.

"बैल म्हातारे झाले," लोक म्हणाले. लोकांनी हौसेनं नवे तरणे बैल आणले. त्यांनीही धनगरवाडीच्या चढाखाली जुन्या बैलांच्याच जागी मान टाकली. "मग रस्त्यातच खोट आहे," लोक म्हणाले. सगळं खोरं कुदळी-फावडी घेऊन निघालं आणि रस्ता नीट करून आलं. गाडी तरीही कुरकुरत थांबलीच. मग कुणीतरी म्हणालं दृष्ट लागली असेल. तेव्हा लिंबू-मिरची बांधली, काळी बाहुली टांगली. त्यांचंही थोडंफार वजन झालंच असणार.

गाडीकडे कुणी बोट दाखवलं नाही. दाखवणार कसं? प्रत्येकाचं पोर तिच्यात होतं.

एका उन्हाळ्यात धनगरवाडीहून बिरू धावत आला. त्याची बायको ठकू, पहिलटकरीण, अडली होती. भागाक्का उठली, गाडी जुंपली. भर दुपारी चढाच्या पायथ्याशी गाडी जी थांबली, ती काही केल्या हलेना. बैलांच्या तोंडाला फेस आला. भागाक्कानं पदर खोचला आणि ती पायी निघाली. गुडघे धरत, दगडांना हात देत ती वर पोचली, तोवर फार उशीर झाला होता. ठकू वाचली. पोर वाचलं नाही.

भागाक्काला कुणी बोल लावला नाही. ठकूनं तर उलट तिचे सोललेले पाय बघून तिच्यासाठी पाणी आणायला सांगितलं. भागाक्कानं तो तांब्या तसाच खाली ठेवला.

घरी आल्यावर ती अंगणात बसून राहिली. तिथं चिंचेखाली तिचा जुना बैल हरण्या रवंथ करत होता. गाडीतून सुटल्यापासून तो तिथंच असायचा. भागाक्का त्याच्यापाशी गेली, त्याच्या मानेवरच्या जुन्या घट्ट्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हरण्या, तुला कधी इचारलंच न्हाई रं. चूक कुणाची? तुमची, रस्त्याची, का माझी?"

हरण्यानं रवंथ थांबवलं. "आक्का, तुझं वझं आमाला कदी कळलंबी न्हाई. तू बसलीयास का उतरलीयास, ते मागं वळून बघावं लागायचं. आमी वढत होतो ते लोकांचं कौतुक. लई जड असतंय गं ते."

"मग बोलला का न्हाईस?"

"तू इचारलं न्हाईस," हरण्या म्हणाला आणि पुन्हा रवंथ करू लागला.

भागाक्का उठून गाडीपाशी आली. बैल सोडलेले होते, गाडी पुढं झुकून तिचं जू जमिनीवर टेकलं होतं. नवी नवरी होऊन आली तेव्हा हे जू ती एका हातानं उचलायची आणि सासू हसायची. आता तिनं दोन्ही हात लावले, पाय रोवले, दात आवळले. जू जागचं हललं नाही. तिला सगळं समजलं, आणि समजलं म्हणून रडू आलं. ही गाडी म्हणजे तिचा सगळा जन्म होता. कुठली फळी कुठल्या घरची, ते पोर पालथं आलं होतं की पायाळू, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. ती मोडायची?

ती सुतारमामांकडे गेली. "मामा, खरं सांगा. गाडी दुरुस्त करायची का नवी करायची?"

सुतारमामांनी हातातला रंधा खाली ठेवला. "दुरुस्त करायची तर कुजकं काढाया पायजे. ते कोण काढू देणार? दर बारीला मला वाटायचं, आता सांगावं. पर समोर तान्हं पोर घिऊन माणूस उभं असायचं, हसत. कसं सांगणार? ठोकत गेलो." त्यांनी रंध्यात अडकलेला छिलका काढून टाकला. "आन् सगळं कुजकं काढल्यावर खाली काय उरंल, ते मलाबी ठावं न्हाई."

मन घट्ट करायला भागाक्काला वर्ष लागलं. पुढच्या उन्हाळ्यात तिनं खोऱ्याला निरोप धाडला. देवळापुढे गाडी उभी केली आणि सगळ्यांना गोळा केलं. लपवाछपवी तिला जमायची नाही, तिनं सरळ सांगून टाकलं, "गाडी चढ चढत न्हाई. ती मोडून हलकी गाडी बांधावी, असं माज्या मनात हाय."

एकच गलका झाला. पाटील म्हणाले, "मोडायची कशाला आक्का? दुरुस्त करा. लागंल ते देतो." देण्यात पाटलांचा हात नेहमीच सैल होता. गाडीवरच्या वजनावरून ते दिसतच होतं. कुणी म्हणालं, आणखी दोन बैल जुंपा. कुणी म्हणालं, पोपट तेवढे राहू देत. एक किडमिडं पोर काखेत घेतलेली बाई पुढं आली आणि भागाक्काचे पाय धरून म्हणाली, "आक्का, ह्याची छाती सारखी भरतीया. ह्याचं लाकूड तेवढं काढू नगा. काय बी करा, पर तेवढं काढू नगा."

इथं भागाक्का डळमळली. पाटलांचा थाट तिला मोडता आला असता, पण आईचं भय कसं मोडणार? तिचे हात गाडीवरून खाली आले. चार फळ्या बदलू, चार ठेवू, असं काहीतरी बोलून मोकळं व्हावं असं तिला वाटलं.

तेवढ्यात मागून आवाज आला.

"माजं लाकूड ह्या गाडीत न्हाई."

ठकू बोलत होती. सगळे बाजूला झाले. ती पुढं आली आणि कुणावर न रागावता म्हणाली, "तुमची लाकडं ठेवा का काढा, ते मी सांगायची न्हाई. पर सुगी सरल्यावर माजं पुन्ना दिवस भरत्याल. तवा आक्का चढ चढून वर यील का, येवढं कुणीतरी मला सांगा."

पाटील आपल्या पायांतल्या जोड्यांकडे बघत राहिले.

भागाक्कानं सुतारमामांच्या हातून पहार घेतली. सगळ्यांना वाटलं, आता कुणाचं लाकूड पहिलं निघतं? तिनं तळाची एक जुनी फळी शोधली. ती तिच्या एकुलत्या एका मुलाची होती, तिच्या सासूनं स्वतः बसवून घेतलेली. मुलगा आता मिशा फुटलेला गडी, तिथंच गर्दीत उभा होता. भागाक्कानं पहार घातली आणि फळी उचकटली. आतून नुसता भुसा उडाला.

सगळ्यांच्या नजरा मुलाकडे वळल्या. मुलगा एकदम शिंकला.

बायांनी तोंडावर हात ठेवले. मुलगा पुन्हा शिंकला, नाक पुसत म्हणाला, "भुसा गेला की नाकात!" आणि गर्दीत कुठंतरी हसू फुटलं.

भागाक्का हसली नाही. ती त्या किडमिड्या पोराच्या आईपाशी गेली, आपले दोन्ही हात तिच्यापुढं धरले आणि म्हणाली, "तुज्या पोराला मी ह्या हातांनी घेतलंय. ह्या सगळ्यांच्या पोरांना घेतलंय. येकबी लाकडाचं नव्हतं गं. तुजं लाकूड मी टाकून देत न्हाई. ते तुज्या हातात देते. देव्हाऱ्यामागं ठेव आन् पोराला ऊन दूध पाज."

बाईनं त्या हातांकडे पाहिलं. मग पोराला दुसऱ्या काखेला घेऊन तिनंच पहारीला हात लावला. मला या गोष्टीत भागाक्काचं कौतुक आहेच, पण त्या बाईचंही तेवढंच आहे. भीत भीत केलेलं धाडस सोपं नसतं.

मग एकेक घर पुढं आलं. ज्यानं त्यानं आपलं लाकूड आपल्या हातानं काढलं आणि कपाळाला लावून घरी नेलं. पाटलांना आपल्या फळ्या एकट्यानं उचलेनात, तेव्हा तिन्ही मुलं धावली. संध्याकाळपर्यंत जुन्या गाडीतलं धड असं एवढंच उरलं, चाकांवरच्या लोखंडी धावा आणि मूठभर खिळे. ते सुतारमामांनी नव्या गाडीला घेतले. बाकी सगळं नवं. बाभळीची चाकं, सडसडीत आस, बसायला बांबूचा तट्ट्या. ना पोपट, ना फुल्या. सुतारमामांनी जू एका हातानं उचलून दाखवलं, तेव्हा त्यांचा चेहरा पोरासारखा फुलला होता.

रीत भागाक्कानं मोडली नाही. तिनं ती फक्त सरळ केली. गाडीत काही झिजलं असेल तरच नवं लाकूड घ्यायचं, आणि नवं बसवायच्या आधी झिजलेलं काढायचं.

सुगी सरली. बिरू पुन्हा धावत आला. भागाक्का उठली आणि गाडी जुंपली. चढाच्या पायथ्याशी सवयीनं तिनं श्वास रोखला. बैलांनी मान खाली घातली आणि गाडी न थांबता वर निघाली. बिरू बिचारा मागं राहिला, धापा टाकत.

भागाक्का दारात पोचली तेव्हा ठकू अजून भिंतीला धरून येरझाऱ्या घालत होती. "येवढ्या लवकर?" ती म्हणाली.

"आले गं बाई," भागाक्का म्हणाली. तिनं हात धुतले, चुलीवर पाणी ठेवायला लावलं, ठकूच्या सासूनं दिलेलं ताक प्यायली आणि पाटावर बसून वाट पाहू लागली. सुईण वाट पाहते आहे, हे सुख त्या वाडीनं कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. ऊन उतरायच्या आत मुलगी झाली, टाहो फोडणारी. ठकूनं तिला छातीशी धरलं आणि मग ती रडली, दोन्ही लेकरांसाठी.

बारशाला बिरू जंगलातलं उत्तम लाकूड खांद्यावर घेऊन आला. सुतारमामांनी गाडीभोवती फेरी मारली, चाकं हलवून पाहिली आणि मान हलवली. झिजलेलं काहीच नव्हतं. बिरूचं तोंड उतरलं. "म्हंजी आमचं लाकूड न्हाईच का गाडीत?"

ठकू हसली. मुलीचं टोपडं सारखं करत म्हणाली, "अवो, गाडी येळंवर आली. अजून काय बसवायचं तिच्यात?"

म्हणून मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: वस्तू कितीही लाडकी असो, ती ज्या कामासाठी आहे ते काम होईनासं झालं की तिला हात जोडून निरोप द्यावा.