जीपच्या पोटातला कोरडा सांधा

डोंगरमाथ्यावरच्या खडकेवाडीत दौलत नावाचा एक माणूस राहत होता. त्याच्याकडे एक जुनी जीप होती, चारही चाकांनी ओढणारी. घाटाचा रस्ता दगडधोंड्यांचा, त्यात ओढा आडवा. दुसरी गाडी तिथे टिकत नसे. त्यामुळे दूध खाली न्यायचं असो की आजारी माणूस, गाव दौलतच्या दारात यायचं, आणि दौलत कधी नाही म्हणायचा नाही. मनाने तो चांगलाच होता. पण कामात जरा अडलं की वैतागायचा, आणि वैतागला की हातातलं काम तसंच टाकून उठायचा.

जीपच्या पोटाखाली दोन लोखंडी दांडे असतात. त्यांना शाफ्ट म्हणतात. एक पुढची चाकं फिरवतो, दुसरा मागची. एरवी मागचीच चाकं गाडी ओढतात, पुढची जोडायला गाडीत वेगळा लिव्हर असतो. शाफ्टच्या दोन्ही टोकांना सांधे असतात आणि प्रत्येक सांध्यात ग्रीस भरायला एक बारीक तोंड असतं, ते निपल. ओढ्याचं पाणी सांध्यांत शिरायचं, म्हणून दौलत आणि त्याची बायको हौसा अधूनमधून घरीच, अंगणात, ग्रीस भरत. जीप हौसाही चालवायची.

असंच एकदा सकाळी दोघं कामाला लागली. चाकांना दगड लावले. पुढचा शाफ्ट हौसाने घेतला. आधी तिने निपल फडक्याने पुसलं, नाहीतर ग्रीसबरोबर माती आत जाते. मग ग्रीस भरायची पिचकारी, म्हणजे गन, त्यावर घट्ट बसवून ती दाबत राहिली. जुनं काळं ग्रीस बाहेर आलं, त्यामागून नवं. पण एका सांध्याच्या चार टोकांपैकी एकातून काहीच येईना. गन निसटली, मनगट खरचटलं, डोळ्यात माती पडली. ती स्वतःशीच चिडचिड करत होती, पण शाफ्ट हलवून पुन्हा दाबत होती. चारही टोकांतून नवं ग्रीस डोकावलं तेव्हाच ती बाहेर आली आणि गुरांकडे गेली.

मागचा शाफ्ट दौलतकडे होता. त्याला खालच्या गावातल्या कुस्त्यांना जायचं होतं. एक सांधा झाला. दुसऱ्याचं निपल नेमकं वरच्या बाजूला, गाडीच्या तळाकडे तोंड करून बसलं होतं. तिथे गन शिरेना. उपाय साधा होता. चाकाचे दगड काढायचे, गाडी हातभर ढकलायची, की शाफ्ट फिरून निपल खाली येतं. पण दौलत नुकताच पाठीवर आडवा झाला होता. तो दोनदा धडपडला, डोकं आपटलं, आणि वैतागला. मग त्याने बोटभर ग्रीस घेऊन सांध्याला बाहेरूनच फासलं. सांधा चकचकीत दिसू लागला.

गोठ्यातून हौसाने विचारलं, झालं का सगळं? दौलतने झालं म्हणून सांगितलं. मागल्या वेळीही त्याने असंच केलं होतं. निघताना खालून किरकिर ऐकू यायची, ती तो स्प्रिंगच्या पाट्यांची आहे असं म्हणायचा.

पुढल्या आठवड्यात भरदुपारी शेजारचा महिपती धावत आला. त्याच्या बायकोला, येसाबाईला, गवत कापताना पायाला घोणस चावली होती. दौलत जेवणावरून तसाच उठला. येसाबाईला मागे आडवं केलं, महिपतीने तिचं डोकं मांडीवर घेतलं, पाय हलू नये म्हणून हौसा धरून बसली, आणि जीप खालच्या रुग्णालयाकडे घाट उतरू लागली.

ओढा ओलांडून पलीकडचा चढ चढताना खालून मोठा आवाज झाला. इंजिन चालू, पण गाडी जागची हलेना. हौसा उतरून खाली वाकली. मागच्या शाफ्टचा सांधा तुटला होता आणि शाफ्ट लोंबत होता. तुटलेला तुकडा तिने हातात घेतला. तो आतून गंजलेला आणि खडखडीत कोरडा होता.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. दौलतला ती नजर सोसवेना. त्याने हळू आवाजात सांगून टाकलं, "वरच्या निपलला मी गन लावलीच नव्हती. बाहेरून फासलं होतं."

हौसाच्या ओठांवर पुष्कळ काही आलं. सकाळपासून राबणाऱ्या, काम अर्धवट टाकू नका हे सतरांदा सांगून थकलेल्या बाईचा सगळा वैताग. पण मागे येसाबाई कण्हत होती. ती एवढंच म्हणाली, "पेटीतले पाने काढा. मागचा शाफ्ट सोडवा. पुढच्यावर जाऊ."

चाकांना दगड लावून दोघं गाडीखाली शिरली. बोल्ट गंजले होते. पण या वेळी दौलतने पाना खाली ठेवला नाही. शाफ्ट सुटला. हौसाने पुढची चाकं जोडायचा लिव्हर ओढला आणि स्टिअरिंग स्वतः घेतलं. पुढची दोन चाकं दगडांवर घसरली, पुन्हा घसरली, मग त्यांनी जोर धरला. एकट्या पुढच्या शाफ्टवर जीप चढ चढली आणि पुढचा घाट उतरली.

येसाबाईचा जीव वाचला. पण डॉक्टर म्हणाले, वाटेत फार वेळ गेला. विष पायात पसरलं होतं. पायाची दोन बोटं काढावी लागली.

संध्याकाळी रुग्णालयाच्या व्हरांड्यात महिपती दौलतपाशी आला, त्याचे दोन्ही हात धरून म्हणाला की तू होतास म्हणून माझी बायको जिवंत दिसते आहे. दौलतने हात सोडवून घेतले. मग सगळं सांगितलं: निपल, फासलेलं ग्रीस, हौसाला मारलेली थाप.

महिपती एक पाऊल मागे सरला. मग म्हणाला, "गाडी जुनी आहे, तुटली, असंच मी धरून चाललो होतो. जन्मभर तुझे उपकार मानले असते."

एवढं बोलून तो आत बायकोपाशी जाऊन बसला. दौलतही मागोमाग दारापर्यंत गेला, पण आत पाऊल टाकायचा धीर त्याला झाला नाही.

तात्पर्य: कामाचा वैताग कुणालाही येतो, पण वैतागून टाकलेलं काम जो वरून सारवून ‘झालं’ म्हणतो, त्याच्या आळसाची किंमत बहुधा दुसऱ्यालाच मोजावी लागते.