तळघरात सोडलेला दिवा

फार मागची गोष्ट. डोंगराच्या उतरणीवर एक लहानसं राज्य होतं आणि तिथल्या द्राक्षांच्या आसवाची मोठी ख्याती होती. लोक सकाळी गाडी जुंपून मळ्यांत जात, चार घोट चाखत आणि संध्याकाळी हलक्या मनाने घरी येत.

त्या राज्यात शेवंती नावाची एक तरुण आई राहत होती. ती पाठशाळेत शिकलेली होती. शिकण्याचा तिला एक विचित्र फायदा झाला होता: इतरांना सुचणार नाहीत अशा गोष्टींचीही तिला भीती वाटे. लेक मनू चालायला लागल्यापासून तर घरातला पाटसुद्धा तिला टोकदार दिसे.

एकदा तिच्या नणंदेने सगळ्यांना आपल्या मळ्यावर बोलावलं. दिवसभर सावलीत बसू, नवं आसव चाखू, म्हणाली.

शेवंती निघाली खरी. पण वाटेत तिला गाडीचं चाक वाजल्यासारखं वाटलं. नवऱ्याने उतरून पाहिलं, चाक ठीक होतं. मळ्यात तिने मनूला मधमाश्यांपासून लांब नेलं. मग विहिरीपासून. मग द्राक्षातल्या बियांपासून. कुठेच काही झालं नाही आणि दर वेळी सगळे हसले.

"वहिनी," नणंद म्हणाली, "आम्ही माणसांना बोलावलं होतं. तू भीतीलाही जेवायला घेऊन आलीस."

शेवंतीही हसली, पण आतून ओशाळली. आपण सगळ्यांचा दिवस नासवतोय, हे तिला कळत होतं. आता संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलायचा नाही, असं तिने ठरवलं. मग नणंदेने दिलेला पेला तिने ओठांना लावला. आधी आंबट, मग गोड, मग छातीत हळूच पसरणारी ऊब. मनू वेलींखाली खेळत होती. क्षणभर शेवंतीला खरंच बरं वाटलं.

तेवढ्यात नणंदेचा नवरा म्हणाला, "खरी चव खाली तळघरात आहे. रांजण परवाच भरलेत, नुसते फसफसतायत. चला, दाखवतो."

तळघराच्या दाराशी लांब दोरीला बांधलेला एक दिवा होता. तो कशाला, हे शेवंतीने सकाळीच विचारून घेतलं होतं. नवं आसव आंबताना एक विषारी हवा सोडतं. तिला रंग नाही आणि ती जमिनीलगत साचते. म्हणून आधी दिवा खाली सोडायचा. तो तेवला, तरच माणसाने उतरायचं.

आता मात्र त्या दिव्याकडे कुणी पाहिलं नाही. यजमानाने दार उघडलं आणि दिवा सकाळीच सोडून पाहिलाय म्हणाला. शेवंतीचा नवरा मनूचं बोट धरून पायऱ्या उतरू लागला.

शेवंती दाराशीच थबकली. सकाळ आणि आता, यात पूर्ण दुपारचं ऊन गेलं होतं. दार बंद होतं. आणि हवा जमिनीलगत साचत असेल, तर सगळ्यांत आधी ती कुणाच्या नाकाशी येईल? जी सगळ्यांत बुटकी, तिच्या.

पण चाकाच्या वेळी तरी दुसरं काय झालं होतं? तेव्हाही छाती अशीच धडधडली होती. खरी भीती आणि रोजची भीती तिच्याशी एकाच आवाजात बोलत. कुठली कोणती, हे तिला ओळखता येईना. पुन्हा हसतील. मनूचा पाय दुसऱ्या पायरीवर टेकला.

"थांबा," शेवंती म्हणाली. आवाज चिरका निघाला. "भावोजी, मी वाद घालत नाही. फक्त दिवा सोडते. तेवला, तर मला जन्मभर हसा."

नणंदेने कपाळाला हात लावला. नवऱ्याने सुस्कारा सोडला, पण थांबला. शेवंतीने दिवा लावला आणि दोरी सोडली. दिवा नवऱ्याच्या खांद्याजवळून गेला, मनूच्या डोक्याजवळून गेला. चौथ्या पायरीशी ज्योत आखडली, निळसर झाली आणि विझली.

अंधारातून रांजणांची बारीक फसफस तेवढी ऐकू येत होती.

"आई," मनूने विचारलं, "दिवा कुणी फुंकला?"

नवऱ्याने तिला झटकन उचललं आणि तो वर आला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. यजमान दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. दुसऱ्या दिवशी त्याने दिव्याची दोरी दाराच्या कडीलाच बांधली. दिवा हातात घेतल्याशिवाय दार उघडेना.

त्याच दिवशी संध्याकाळी निघताना शेवंती गाडीत बसली आणि जरा चाचरत म्हणाली, "चाक ढिलं वाटतंय का गं?"

नणंद हसली नाही. तिने वाकून चाक नीट हलवून पाहिलं. चाक अगदी ठीक होतं.

"ठीक आहे, वहिनी," ती म्हणाली. शेवंतीनेही ते मानलं आणि मनूला कुशीत घेऊन ती घरापर्यंत शांत बसली.

तात्पर्य: भीतीला हसून गप्प करू नये आणि तिच्या मागे धावतही सुटू नये, दिवा सोडून तिची पारख करावी.