फिकट गुलाबी

“म्हणजे सर, तुम्हाला हा रंग दिसतच नाही?”

डॉ. सुमेध वाघचौरेने काचेचा चंबू खिडकीच्या उजेडात धरला होता. आतलं द्रावण फिकट गुलाबी होतं. आत्ताच निरगुडे सर त्याला म्हणाले होते, पाण्याचा चंबू आहे, विसळून ठेव.

“नाही,” सर म्हणाले.

सुमेध त्यांचाच जुना विद्यार्थी. जर्मनीत चार वर्षं संशोधन करून परतला आणि विद्यापीठाच्या याच रसायनशास्त्र विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झाला. सर महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. त्यांची प्रयोगशाळा आता त्याच्याकडे यायची होती.

सरांनी सांगितलं, दोष जन्मापासूनचा. नोकरीला लागताना तेव्हाच्या विभागप्रमुखांना सगळं सांगितलं होतं. ते म्हणाले, शिकवत राहा.

सुमेधला पटेना. आम्लात थेंबथेंब अल्कली सोडायची, फिकट गुलाबी झालं की थांबायचं. एक थेंब जास्त पडला तर रंग गडद आणि आकडा चुकीचा. सगळा प्रयोगच डोळ्यांचा.

“मग एकतीस वर्षं मार्क कशावर दिलेत?”

“मुलांना विचारायचो. रंग कसा आलाय?”

“आणि कुणी खोटं बोललं तर?”

“बोलता येतं.”

...

हे आताच्या विभागप्रमुखांच्या कानावर घालावं लागेल, असं सुमेध म्हणाला. सर म्हणाले, जरूर घाल. मग त्यांनी ब्युरेट, म्हणजे तोटीची मोजनळी, अल्कलीने भरली, खाली आम्लाचा नवा चंबू ठेवला.

“कर.”

सुमेधने हा प्रयोग हजारदा केला होता. पण आज हातात राग होता. तोटी जरा जास्त फिरली, आणि चंबू एकदम गडद झाला.

सर टेबलाच्या पलीकडे उभे होते. चंबूकडे त्यांनी पाहिलंही नव्हतं. पेन उघडून वहीवर टेकवलं होतं.

“रंग कसा आलाय?”

‘फिकट’ हा शब्द सुमेधच्या ओठांवर आला होता. प्रयोगशाळेत तिसरं कुणी नव्हतं.

...

त्याने सरांकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर संशय नव्हता, परीक्षाही नव्हती. तो जे सांगेल ते सर लिहिणार होते.

बारा वर्षांपूर्वी, विद्यार्थी असताना, याच माणसासमोर, त्याने आपणहून कबूल केलं होतं की जास्त झालं, पुन्हा करतो. पकडला जाईन या भीतीने बोललो, असं तो इतकी वर्षं समजत होता. आज पकडणारं कुणी नव्हतं.

“गडद, सर,” तो म्हणाला. “माझ्या हातून थेंब जास्त पडला.”

सरांनी तसंच लिहिलं. चंबू उचलून बेसिनमध्ये रिकामा केला, विसळला, पालथा घातला.

“उद्या अकराला मुलं येतील,” ते म्हणाले. “टेबलाच्या माझ्या बाजूला तू उभा राहा.”