माझाक्का आणि टिटवी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हाचे राजे म्हणे लढाया कमी आणि खेळ जास्त खेळायचे. खरंखोटं देव जाणे, आपण ऐकली तशी सांगायची.

नदीच्या अल्याड एक राज्य होतं, पल्याड दुसरं. सुगी संपली की दोन्हीकडच्या बाया मैदानात उतरून चेंडू खेळायच्या. कातड्याचा चेंडू, आत सावरीचा कापूस. हात लावायचा नाही, सगळं पायानं. दोन्ही टोकांना दोन-दोन बांबू रोवलेले असायचे, त्याला म्हणायचं वेस. समोरच्यांच्या वेशीतून चेंडू पार केला की वेस मारली!

अल्याडच्या बायांची एक रीत होती. चेंडू घ्यायचा असेल तर ओरडायचं, "माझा!" मग बाकीच्यांनी मुकाट बाजूला व्हायचं. सोडायचा असेल तर दुसरीला सांगायचं, "तुझा!" नाहीतर दोघी एकाच चेंडूवर धावल्या की कपाळमोक्ष ठरलेला.

या राज्यात एक बाई अशी होती, की तिनं उभ्या जन्मात "तुझा" कधी म्हटलंच नाही. नेहमी "माझा!" आणि खरंच, तो तिचाच असायचा. म्हणून सगळे तिला माझाक्का म्हणायचे. पल्याडच्या आया आपल्या पोरींना दटावायच्या, "जेव मुकाट्यानं, नाहीतर माझाक्का येईल."

पुढे तिचा गुडघा गेला. तिनं चेंडू आढ्याला टांगला आणि ती शेळ्या राखायला लागली. केस पिकले. इकडे अल्याडच्या पोरी दरवर्षी हरायला लागल्या. शेवटी राजा वैतागला.

"यंदा हरलात तर त्या मैदानावर पागा बांधतो," तो म्हणाला. "घोडे निदान पुढे तरी धावतात!"

पोरींना शिकवणारी म्हातारी वस्तादबाई दुसऱ्याच दिवशी काठी टेकत माझाक्काच्या दारात हजर झाली.

"चल, खेळायला."

"अहो वस्तादबाई, गुडघा कुरकुरतो माझा."

"कुरकुरू दे. तुझे पाय कुणाला हवेत?"

"मग काय हवंय?"

"ते तूच शोध," म्हातारी म्हणाली आणि आली तशी निघून गेली.

झालं! माझाक्काला लहानपणापासून एक खोड होती. एखाद्या गोष्टीचं 'का' कळलं नाही की तिला घास गोड लागत नसे. पाय नकोत, मग बोलावलं कशाला? भाकरी थापतानाही तेच, शेळ्या हाकतानाही तेच. नवरा कंटाळून म्हणाला, "जा बाई एकदाची! नाहीतर मलाच विचारून विचारून बेजार करशील."

ती गेली. पण मैदानावर फजितीच झाली. वस्तादबाईनं तिला पुढची जागा दिली. ती जागा भिंगरी नावाच्या पोरीची होती, वाऱ्यासारखी पळणारी पोर. तिला बाजूला सरकवलं, तिचं तोंड फुगलं. माझाक्का सवयीनं ओरडली, "माझा!" सगळ्या पोरी अदबीनं थबकल्या. माझाक्का धावली, गुडघा मागे राहिला आणि चेंडू तिच्या समोरून गडगडत मैदानाबाहेर गेला. कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं वाटलं असतं तिला.

संध्याकाळी ती मैदानाच्या कडेला एकटीच बसली. मोठ्या खडकापाशी एक टिटवी आकांत करत होती. माझाक्का लहान होती तेव्हाही त्या खडकापाशी अशीच एखादी टिटवी ओरडायची.

"का गं बाई, एवढी बोंबलतेस?" माझाक्कानं विचारलं. "इथे तुमची अंडी असतील म्हणून मी लहानपणी हा खडक किती धुंडाळला! कधी एक मिळालं नाही."

"मिळेल कसं?" टिटवी म्हणाली. "अंडी असतात तिथे ओरडायला मी काय खुळी आहे? अंडी तिकडे, मैदानाच्या कोपऱ्यात, गोट्यांमध्ये. मी इथे ओरडते, म्हणून कोल्हा इथे येतो."

"पण तो दरवेळी फसतो कसा?"

"टिटवी उगाच ओरडत नाही, हे त्याला ठाऊक आहे ना! माझे पाय बघ, काडीएवढे. कोल्ह्याला फिरवतं ते माझं नाव. पण तुमच्या राजानं पागा बांधली की घोड्यांना कुठे ओरडून फिरवू गं मी?" एवढं बोलून ती पुन्हा ओरडायला लागली.

माझाक्का घरी गेली, पण टिटवीचं बोलणं काही तिच्या डोक्यातून जाईना.

खेळाचा दिवस आला. नदीकाठ माणसांनी फुलला. पल्याडच्या पोरी चपळ होत्या, त्यांनी बघता बघता वेस मारली. इकडे अल्याडच्या पोरी मिळेल तो चेंडू माझाक्काकडेच द्यायच्या आणि देवळात उभं राहावं तशा बघत राहायच्या. तिच्याभोवती पल्याडच्या पोरींचा गराडा पडायचा. चेंडू जायचा. राजा पागेचं दार कुठे बसवायचं ते कारभाऱ्याला हातानं दाखवायला लागला. माझाक्काला अगदी रडू फुटायचं बाकी राहिलं.

तेवढ्यात तिच्या लक्षात एक गंमत आली. चेंडू पार पलीकडे होता, तरी हा गराडा तिच्यापाशीच! आता का बरं? बघावं म्हणून ती भर खेळात सावकाश कोपऱ्याकडे चालायला लागली. गराडाही निघाला. ती थांबली, तोही थांबला. जेवताना ऐकलेला धाक पोरींच्या अंगात चांगलाच मुरला होता. माझाक्काला हसूच आलं.

ती वळली आणि जुन्या दिवसांत घ्यायची तशी, पदर खोचून तिनं वेशीकडे झेप घेतली. सगळा गराडा तिच्यामागे. त्याच वेळी मागून कुणीतरी चेंडू उंच टोलवला आणि तो नेमका तिच्या पुढ्यात उतरायला लागला. अहाहा, काय सुरेख येत होता! किती वर्षं स्वप्नात आलेला चेंडू. "माझा" हा शब्द अगदी ओठांवर आला. आणि तिला पलीकडे भिंगरी दिसली. एकटी. तिच्या आसपास काळं कुत्रंही नव्हतं.

जन्मात न उच्चारलेला शब्द तो. तरी तिनं तो बाहेर काढला.

"तुझा!"

चेंडू तिनं नुसता पायानं वळवला. भिंगरी मात्र तोंड उघडं टाकून उभी. "माझा?"

"हो गं भवाने, तुझा! मार!"

भिंगरीनं मारला. वेस!

मग काय विचारता! पल्याडच्या पोरी गोंधळल्या. धरायचं कुणाला? पुढच्या वेळी चेंडू भिंगरीकडे आला तेव्हा सगळा गराडा तिच्यावर तुटून पडला. माझाक्काकडे बघायला कुणी उरलंच नाही. भिंगरीनं मान वर केली आणि ती गळा फुटेल एवढ्या मोठ्यानं ओरडली, "अक्का, तुझा!"

माझाक्काला कुणी असं कधी म्हटलं नव्हतं. गुडघा कुरकुरला, पण अडवायला कुणी नव्हतं, घाई कसली? तिनं चेंडू निवांत वेशीतून पार केला, म्हैस गोठ्यात घालावी तसा. मग मात्र ती मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. भिंगरी तिच्या गळ्यात पडली.

डाव अल्याडनं जिंकला. राजानं पागा गावाबाहेरच्या माळावर बांधली. मैदान राहिलं आणि कोपऱ्यातल्या गोट्यांमधून टिटवीची पिल्लं तुरुतुरु पळायला लागली.

घरी निघताना माझाक्का म्हणाली, "वस्तादबाई, तुम्ही मला का बोलावलंत ते आता कळलं."

"मला कुठे ठाऊक होतं?" म्हातारी म्हणाली. "तुला एकदा कोडं घातलं की सुटेपर्यंत तू गप्प बसणार नाहीस, एवढंच ठाऊक होतं."

पुढे माझाक्का बरीच वर्षं खेळली, पण पोरं तिला आता तुझाक्का म्हणायला लागली होती आणि त्या नावाला ती आधी ओ द्यायची.

या गोष्टीतून घ्यायचं ते एवढंच: "माझा" म्हणणारा डाव जिंकतो, पण वेळेला "तुझा" म्हणणारा मैदान राखतो.